बाबा भिंतीवर, डोकं खाली

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून खालूनच हाका मारून कामं उरकतेस? इकडे सगळे बरे आहोत. आईचा आवाज ठणठणीत आहे, डोळे तेवढे कुरकुरतात.

तू पाठवलेला बाबांचा व्हिडिओ (ते पंखा दुरुस्त करत असताना तू चोरून घेतलेला) तिला फोनवर दाखवला, तर म्हणाली, "करंगळीएवढा माणूस. ह्यात मी नवरा कुठे शोधू?" तिला बाबा मोठे बघायचे होते, एवढंच. ते जाऊन वर्ष होत आलं आणि एवढ्या काळात तिने तोंडाने मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मग मी कामाला लागलो.

प्रोजेक्टर भाड्याने देणाऱ्याकडे गेलो. भाडं ऐकून त्याच्याकडे प्यायला पाणी मागितलं आणि परत आलो. आपला टीव्ही तुला माहीतच आहे, त्याला वायर जोडायला भोकच नाही. शेजाऱ्यांचा भलामोठा आहे, शेजारीण बिचारी खुर्च्या मांडायलाही तयार होती. पण आई म्हणाली, "स्वतःचा नवरा बघायला मी लोकांच्या घरी जाऊ?"

तेव्हा म्हटलं, बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतोय, ती कधी कामाला यायची? बुटांचं खोकं घेतलं, एका बाजूला गोल भोक पाडून जाड भिंग चिकटवलं, आत फोन आडवा उभा केला. रविवारी दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. प्रेक्षक म्हणजे आई, मामा, तुझी भावजय आणि दोघी मुली. व्हिडिओ लावला आणि बाबा आले ते डोकं खाली, पाय वर, स्टूल-पंख्यासकट छताला लटकलेले. असलं भिंग चित्र उलटं पाडतं, हे मी दुकानात गिऱ्हाइकांना हौसेने समजावत असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उपाय सोपा, फोन उलटा ठेवायचा. ठेवला. पण फोन माझ्याहून शहाणा. आपल्याला उलटं केलंय हे ओळखून त्याने चित्र फिरवून घेतलं, म्हणजे बाबा पुन्हा लटकले. मी चार वेळा फोन फिरवला, त्याने चार वेळा सावरून घेतलं. मामा म्हणाले, मग माणसंच उलटी करू, आणि खरोखर खाटेवर उताणे पडून त्यांनी मान काठावरून खाली सोडली. "स्पष्ट दिसतंय!" असं ओरडले, आणि मान तशीच अडकली. ती सोडवण्यात पाऊण तास गेला. शेवटी तुझ्या भावजयीने फोनमधलं कसलंसं बटण दाबून त्याची ती खोड बंद केली आणि मला एका शब्दाने बोलली नाही. (तिच्या न बोलण्याचा अर्थ तुला ठाऊक आहे.)

मग बाबा सरळ आले. जरा अंधुक, कडेला पुसट, पण खऱ्याएवढे. आई उठून भिंतीपाशी गेली, तर तिच्याच सावलीने बाबा झाकले गेले, म्हणून परत येऊन बसली. चष्मा पुसला, पुन्हा लावला. मला रडू आलं, ताई. बाबा वर बघतात, हसतात, "अगं, तू हे..." म्हणतात आणि व्हिडिओ संपतो. आम्ही तो नऊ वेळा लावला.

बाकी नवीन काही नाही. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : मामांची मान आता फक्त डावीकडे वळते. उजवीकडे बसलेल्यांशी त्यांनी बोलणं सोडलंय.

आणखी ता. क. : पत्र खरं तर ह्यासाठीच. "अगं, तू हे" च्या पुढे बाबा तुझ्यावर ओरडले असणार, हे आईने सुरावरूनच ओळखलंय. तू तेवढं कापून बाकीचं पाठवलंस, ते कापलेलंही पाठव. काय बोलले असतील ते असो, तुला कुणी चिडवणार नाही (मामांची हमी देत नाही). आई म्हणते, "हसणारे फोटोत रोज दिसतात. मला ओरडणारे बघायचेत."