जोड्यांचा फोटो

कापडे,
४ जुलै २०२३

चि. विनीत यास आवडीताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू पाठवलेला रेणूंचा फोटो पोचला. पोलादपूरला नेऊन चौकटीत बसवला. आबांनी माझं न ऐकता तो आईच्या फोटोशेजारीच टांगला. येईल त्याला सांगतात, माझ्या पोरानं यंत्र बनवलंय, त्यातली सुई चाचपून रेणू दाखवते, आणि बघा, एवढीशी वस्तूपण एकटी राहत नाय, जोडीनंच राहते. आई गेल्यापासून त्यांना एवढं बोलताना आज बघते हाय. मला रडूच आलं.

एक विचारायला सांगितलंय. सगळ्या जोड्या एकाच अंगाला कलल्यात कशा? लावणीला दहा बाया उतरल्या तरी अशी एका मापात रोपं पडत नायत म्हणतात. उत्तर लिहून पाठव, फोन नको. फोनवरचं परत वाचता येत नाय, असं त्यांचं म्हणणं.

जेवत जा वेळेवर. माया हायेच.
आवडीताई

पुणे,
१९ जुलै २०२३

ती. आवडीताईस विनीतचा सा. नमस्कार.

वि. वि. आबांना सांग, रेणूंना बायांसारख्या गप्पा मारायच्या नसतात, म्हणून त्यांची ओळ चुकत नाही! निसर्गाचीच शिस्त ती. या जोड्यांवरचा माझा निबंध छापून आलाय. माझं कंत्राट २०२५च्या मार्चपर्यंत आहे. निबंध टिकला तर कायम करतील, असं वरिष्ठ म्हणाले.

सगळी कमाल त्या सुईची. तार झिजवून मीच केलेली, अशी शंभरात एखादी जमते. दीड वर्षात बदललेली नाही, कुणाला हातही लावू देत नाही. माझी विद्यार्थिनी ऋतिका म्हणते, सर, आता तिची पूजाच घाला.

आबांना दंडवत. तुमचा आशीर्वाद पाठीशी राहू दे.
विनीत

पुणे,
११ फेब्रुवारी २०२५

ती. आवडीताईस सा. नमस्कार.

ताई, हे पत्र आबांना पूर्ण वाचून दाखव, काही गाळू नकोस. गेल्या महिन्यात ऋतिकाच्या हातून सुई आपटली. मी तिला नको नको ते बोललो. नवी सुई लावली, तर जोड्या दिसेनात. आणखी तीन सुया केल्या. रेणू सगळीकडे एकेकटेच.

जुन्या सुईला एक नव्हे, दोन टोकं होती. एकाच रेणूला ती दोनदा चाचपायची, म्हणून प्रत्येकाशेजारी त्याचीच सावली उमटायची. म्हणूनच सगळ्या जोड्या एकाच अंगाला. आबांनी हेच विचारलं होतं आणि मी दात काढले. चांगली चित्रं देते म्हणून सुई बदलली नाही, एवढंच माझं शास्त्र.

निबंध मागे घेतलाय. ऋतिकाची माफी मागितली, तिची तीन वर्षं कुठून आणू? मार्चनंतर मला नोकरी नाही, आणि या वयात, हा डाग घेऊन, दुसरी मिळायची नाही. फोटो उतरवा.

माझ्यावर रागावलात तरी चालेल.
विनीत

कापडे,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. विनीत यास आशीर्वाद.

तू बजावलंस तरी मी दोन ओळी गाळल्याच. तर आबा म्हणाले, आवडे, आता थांबलीस तिथं काय लिवलंय? मग सगळं वाचलं. मला तुझा संताप आला रे. म्हाताऱ्या माणसानं डोळ्यांनी बघून विचारलेलं, आणि तू थट्टेवारी नेलंस!

आबांनी स्वतःच फोटो उतरवला नि पडवीत मांडीवर घेऊन बसले. जेवण निम्मंच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, विनीतला विचार, या दोघांतला खरा कोण नि सावली कोण? खरा तेवढा कळला तरी बरं वाटंल.

शिमग्याला ये. लोक विचारतील, नाय विचारणार असं खोटं सांगत नाय. तरी ये.
आवडीताई

पुणे,
८ मार्च २०२५

ती. आवडीताईस सा. नमस्कार.

शिमग्याला येत नाही, माफ कर. प्रयोगशाळेतली खोली दुसऱ्यांना दिलीय, यंत्र सुटं करून खोक्यात भरतोय. सोळा वर्षांचं काम चार खोक्यांत मावलं.

आबांच्या प्रश्नासाठी काल दिवसभर त्या फोटोची माझ्याकडची प्रत समोर घेऊन बसलो. या वेळी थट्टा केली नाही. दोन्ही अगदी सारखेच उमटलेत, ताई. आबांना सांग, त्यातला खरा कोण, ते मलाही कळत नाही.

विनीत