मागचे दिवे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हिचा डबा उघडला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा!

आमच्या घरात नियम एकच. तिच्या टेबलाला मी हात लावायचा नाही, माझ्या कपाटाला तिने. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी तिच्या चिमट्याने रंगाच्या डबीचं झाकण उचकटलं होतं, तेव्हा हा तह झाला. ती मणी, तारा, खडे जोडून कानातली-गळ्यातली करते. मी वीतभर लांबीच्या गाड्या करतो, प्लास्टिकच्या पट्ट्या कापून, खऱ्या गाडीच्या मापाबरहुकूम. ती त्यांना खेळणी म्हणते. मी तिच्या डब्याला किराणा म्हणतो.

ही हॉस्पिटलात — आज सहावा दिवस. भेटायची वेळ चार ते सहा. बाकीच्या वेळात माणसाने करायचं काय? म्हणून आमच्या पहिल्या गाडीचं मॉडेल घेतलंय. सायीच्या रंगाची ती जुनी गाडी, डाव्या दाराला पोचा आलेली. पोच्यासकट करणार! ही घरी येईल तेव्हा तिच्या टेबलावर ठेवायची.

अडलं चाकांच्या वाट्यांवर. त्या मापाच्या कुठे मिळत नाहीत. आणि डब्याच्या तिसऱ्या खणात मण्यांच्या टोप्या! चकचकीत, नक्षीदार, चार सारख्या. लावून पाहिल्या तर अगदी बसल्या. घेतल्या. ही आली की सांगेन. आधी चिडेल, मग हसेल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काय नाही त्या डब्यात! लांब पाइप मणी — झाला सायलेन्सर. गोल डोक्याची पिन — गिअरचा दांडा. एक मोठी कडी स्टिअरिंगला, बारीक तार पिळून दोन वायपर. तीस वर्षं गॅरेजात गाड्या रंगवल्या, एकेका सुट्या भागासाठी चार-चार दिवस गाडी अडकून पडायची, आणि सगळं दुकान बायकोच्या टेबलावर.

संध्याकाळी हिला सांगितलं, गाडी करतोय. डबा उघडल्याचं नाही सांगितलं. हात सुजलाय, सुई खुपते म्हणाली. पण चेष्टा करायचं बळ आहे. मागच्या गाडीला मी दिव्यांच्या जागी शर्टाची बटणं लावली होती. "या वेळी तरी बरे दिवे लावा. ती गाडी घुबडासारखी बघत होती."

रविवार, ९ फेब्रुवारी

दिवे मिळाले!

डब्याच्या तळाशी कागदाची पुडी होती. वर काही लिहिलेलं नाही. आत दोन खडे, पांढरे, पण किंचित पिवळसर झाक असलेले. जुन्या गाडीच्या दिव्यांना असाच रंग असतो. नवे खडे निळसर दिसतात, ते नाही चालत. हे दोन त्या गाडीसाठीच कुणी घडवले असावेत असे. झटपट गोंदाचा एकेक थेंब टाकला आणि बसवले. खिडकीतून ऊन आलं तेव्हा गाडी जिवंत झाली. मी खुळ्यासारखा हसत बसलो होतो.

आता मागचे दिवे राहिले. दोन बारीक भोकं पाडून ठेवलीत. लाल मणी शोधायचे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी बाहेर बोलावलं. म्हणाले, आता घरी न्या, त्यांना तिथे बरं वाटेल. मी विचारलं, म्हणजे बरं वाटायला लागेल? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ही घरी आली. किती हलकी झालीय! जिना चढवताना उचलली तर धापही लागली नाही मला. अंगावरचं सगळं काढून ठेवलंय, फक्त कानांत ती लाल खड्यांची कानातली. ती वीस वर्षं तिच्या कानांतून उतरली नाहीत.

चहा घेतला न घेतला आणि डबा मागितला. मांडीवर ठेवून दिला. मला वाटलं, टोप्यांचं आता कळणार. हसत उभा राहिलो. ती तळ चाचपत होती.

"पुडी होती हो इथे. आईच्या कानातल्यांतले दोन खडे काढून ठेवले होते. लेकीला त्यांची कानातली करून द्यायचीयत. एवढं एक काम हातून झालं म्हणजे झालं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं मी. पण निघालं काय, तर "बघतो, इथेच कुठे पडली असेल."

ती झोपल्यावर कपाट उघडलं. सुईच्या टोकाने खडा हलवून पाहिला. त्याच्या पाठीचा चंदेरी मुलामा गोंदाला घट्ट धरून बसलाय. उचकटला तर मुलामा गोंदाबरोबर जाणार आणि खडा आंधळा होणार. मी लावलेलं निघत नाही — गॅरेजात याच गोष्टीचा तोरा मिरवायचो.

गाडी तशीच आत ठेवली. कुलूप लावलं. किल्ली नेहमीच्या जागी, आरशामागे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

परत शोधाशोध. सगळे खण चादरीवर पालथे केले. मी पण शोधू लागलो. शोधायचं सोंग! पलंगाखाली वाकलो, गादी उचलली. मेलो असतो तर बरं.

टोप्या कमी झाल्याचं तिला कळलंच नाही. नुसती पुडी, पुडी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

नर्सबाई सुई द्यायला येतात. हिने त्यांना विचारलं, या गोळ्यांनी विसरायला होतं का? त्या म्हणाल्या, होतं थोडंफार. झालं! ही भिंतीकडे तोंड करून पडली. मग म्हणाली, "माझं डोकं चाललंय बघा. शरीर जातंय त्याचं काही नाही. पण मी ठेवलेली वस्तू मला सापडत नाही?"

आयुष्यभर हिच्या वस्तू जागच्या जागी. अंधारात सांगेल कोणत्या खणात कोणती कडी आहे. आणि मी तिला तिच्याच डोक्याबद्दल शंका घ्यायला लावतोय. दोन खड्यांपायी.

उद्या सांगतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सांगितलं नाही. तिला फार दुखत होतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहायलाही हात रेटत नाही.

मण्यांच्या दुकानात गेलो. त्याच मापाचे दोन खडे घेतले, कागदाच्या पुडीत बांधले, पुडी हाताने चुरगाळून जुनी केली. घरी येऊन म्हणालो, सापडले! कपाटामागे पडले होते!

तिचा चेहरा असा उजळला. उशीला टेकून बसली, पुडी उलगडली, खडा चिमट्यात धरून उजेडाकडे नेला. बराच वेळ पाहत राहिली.

"हे नव्हेत. आईच्या खड्यांना पिवळसर झाक होती."

मी म्हणालो, तुला तसं वाटत असेल. तिने परत पाहिलं. मग हळूच म्हणाली, "असेल. माझंच चुकत असेल."

पुडी उशाशी ठेवून दिली. कानातली काही करायला घेतली नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

लेकीचा फोन आला होता. सुट्टी मिळाली की पुढच्या आठवड्यात येते म्हणाली. फोन ठेवल्यावर हिने माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगा. तुम्ही नाही ना घेतले?"

"मी? तुझ्या डब्याला मी कधी हात लावलाय का?"

अगदी तोऱ्यात म्हणालो! रागावल्यासारखा. ती म्हणाली, तसं नव्हे हो, सहज विचारलं. माझीच समजूत काढली तिने.

मग विचारलं, गाडी किती झाली? म्हटलं, राहिलीय तशीच. तुझ्यापुढे गाडी कुठे सुचतेय?

हे दुसरं खोटं. का तिसरं? मोजायचं सोडलंय.

शनिवार, ८ मार्च

औषधाच्या दुकानात ही रांग! जाऊन यायला दोन तास लागले. हिच्यापाशी शेजारच्या शिवणकामवाल्या बाई बसल्या होत्या. परत आलो तर त्या बाहेरच्या खोलीत. म्हणाल्या, "तुमच्या बायकोने हट्टाने मला बाहेर काढलं. दार लोटून घेतलं. म्हणाल्या, काम आहे."

आत गेलो तर ही पलंगावर आडवी, घामाने भिजलेली, श्वास लागलेला. चिमटा हातातच. उठली होती म्हणजे! शोधत असणार परत. मी रागावलो — पडली असतीस तर? हो, मी तिच्यावर रागावलो.

तिने डोळे मिटलेलेच ठेवले. म्हणाली, "आता नाही शोधणार. संपलं ते."

आणि लिहायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं.

रविवार, ९ मार्च

हिचे कान मोकळे दिसले. म्हटलं, लाल कानातली कुठे गेली? म्हणाली, कूस बदलताना टोचतात, काढून ठेवली.

त्यांच्याशिवाय ती ओळखीची वाटेना. बोललो नाही तसं.

मंगळवार, ११ मार्च

आज दिवसभर माझा हात धरून होती. मधेच डोळे उघडून, "काही सांगायचंय का तुम्हाला?"

म्हटलं, नाही गं. तू झोप.

संध्याकाळी परत तेच. "काही सांगायचं राहिलंय का?" मला वाटलं, माणसं शेवटी विचारतात तसं विचारतेय — बँकेचं, घराचं. म्हटलं, सगळं नीट आहे, तू काळजी करू नकोस.

"बरं. गाडी मात्र पुरी करा."

अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात नर्सबाई आल्या. नर्सबाई नसत्या आल्या तर दुसरं कुणी आलं असतं. मला कुणीतरी यायलाच हवं होतं.

शुक्रवार, १४ मार्च

लेक आली. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी विसळत उभा राहिलो.

आता लेकीसमोर कसं सांगू? ती जरा बाहेर गेली की सांगेन.

रविवार, १६ मार्च

ही गेली. सकाळी साडेसातला. लेक दूध आणायला गेली होती. मी एकटा होतो खोलीत, दहा मिनिटं तरी. तिला ऐकू येत होतं, मान हलवत होती. मी तिचे ओठ ओले करत राहिलो आणि हवा-पाण्याचं बोललो.

हवा-पाण्याचं!

सोमवार, २४ मार्च

काही नाही.

शुक्रवार, २८ मार्च

लेक उद्या परत जाणार. आईची आठवण म्हणून काय हवं, विचारलं. म्हणाली, काही नको, आईची ती लाल कानातली तेवढी द्या. रोज तिच्या कानांत बघत मोठी झालेय.

डबा काढला. एकेक खण पाहिला. नाहीत! उशीची खोळ उलटी केली, औषधांची पिशवी, ड्रॉवर, साड्यांच्या घड्या. दुपार त्यातच गेली. तिने काढून ठेवली म्हणाली ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. का नाही ऐकलं? मलाच वाटलं असेल? टाकली का मी कुठे, त्या धांदलीत? आपल्या डोक्याचा आपल्याला भरवसा वाटेनासा होतो म्हणजे काय, ते कळलं.

ही अशीच बसली होती. तीन आठवडे. डबा मांडीवर घेऊन. आणि मी शेजारी.

लेक म्हणाली, असू दे बाबा, सापडतील, तुम्ही दमलात. माझं रडं आवरेना. कानातल्यांसाठी रडतोय असं वाटलं तिला, पाठीवरून हात फिरवत राहिली.

तिला सगळं सांगायचं. गाडी समोर ठेवूनच सांगायचं. हिच्यासमोर नाही जमलं. लेकीसमोर नाही जमलं तर मग मी माणसात नाही.

शनिवार, २९ मार्च

सांगितलं. पुडी, गोंद, दुकानातले खडे, सगळं. ही घरी आली त्या दिवसापासून न उघडलेलं कपाट मी उघडलं, मान खाली घालून गाडी बाहेर काढली, तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

तिने पुढचे दिवे पाहिले. मग गाडी उचलून मागून पाहिली.

"बाबा, ही तर आईची कानातली."

मी मागचे दिवे लावलेच नव्हते. नुसती भोकं पाडली होती. डिकी उघडली — आतून दोन्ही फिरक्या, घट्ट आवळलेल्या. गोंदाचा टिपूससुद्धा नाही.