यादीतलं पहिलं नाव

३ तारीख, सोमवार

झालं! शेलला, म्हणजे टाइप करून संगणकाला हुकूम द्यायच्या खिडकीला, यादी आली! दोन अक्षरं टाइप केली की खाली पुढचे पर्याय उघडतात, माऊसनं निवडता येतात. चूक लाल दिसते. अक्षरं लहानमोठी करायला पट्टीसुद्धा दिली.

आजवर नुसती काळी खिडकी — हुकूम पाठ असतील त्यानंच आत यावं. पहिल्या वर्षी कॉलेजात मला तिच्यासमोर रडू यायचं. आता कुणालाच येऊ नये.

बाबांना समजावलं. लेथवर आयुष्य गेलंय त्यांचं. म्हणाले, "म्हणजे मशीनला हँडल बसवतेस." अगदी तेच!

४, मंगळवार

आठवडाभर चाचणी. मास्तर हो म्हणाले तर शेल सगळ्या मशीनवर, नाहीतर माझे सहा महिने पाण्यात. मास्तर म्हणजे आमच्या ऑफिसातले सर्व्हर सांभाळणारे, तीस वर्षं. पडद्याकडे बघतच नाहीत! मान खिडकीबाहेर, बोटं धावतायत.

"पोरी, चित्रं लहान मुलांना लागतात."

राग आला. गिळला.

५, बुधवार

मास्तरांनी आज एवढंच विचारलं, "ती अक्षरांची पट्टी कुठंय?" तेही उगाच विचारल्यासारखं.

६, गुरुवार

मास्तरांच्या हातून भलतंच फोल्डर उडालं. प्रत होती म्हणून निभावलं. साहेबांना म्हणाले, "बोट घसरलं. वय झालं." सगळे हसले.

त्यांचं बोट घसरेल? मशीनमधल्या नोंदी उघडल्या. 'अहवाल २' पुसायचं म्हणून त्यांनी बरोबर टाइप केलं होतं. पण माझ्या यादीत पहिलं नाव होतं 'अहवाल २०'. त्यांनी एंटर दाबताच यादीनं ते पहिलं नाव उचललं, आणि तेच पुसलं गेलं. चूक माझी. कुणालाच माहीत नाही!

जेवताना बाबांना सांगितलं. "मशीनला नवा गार्ड, ती हात वाचवणारी जाळी, बसवला की आधी जुन्या कारागिराचीच बोटं अडकतात," म्हणाले. "पण चूक बसवणाऱ्याची. सांगून टाक." आईनं आणखी एक पोळी वाढली.

७, शुक्रवार

सांगितलं. साहेबांच्या केबिनमध्ये, मास्तरांसमोर.

साहेब — "मग हे प्रकरण बंदच करू."

मास्तर — "बंद कशाला? यादीनं विचारल्याशिवाय मधे तोंड घालायचं नाही, बस्स. सोमवारपर्यंत करेल ती. माझा होकार धरा."

बाहेर आल्यावर विचारलं, "चूक माझी होती, तुम्हाला माहीत होतं?"

"माझं बोट घसरत नाही, एवढं तरी ठाऊक आहे मला!"

"मग बोलला का नाहीत?"

"चहा गार होतोय, चल."

१०, सोमवार

दुरुस्ती बसवायला मास्तरांच्या मशीनवर गेले. अक्षरांची पट्टी पार शेवटच्या टोकाला सरकवलेली — अक्षरं एवढी मोठी की एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावत होते. आणि मास्तर पडद्याकडे तोंड करून बसले होते.

"पडद्यावरचं किती वर्षांनी वाचतोय," हळूच म्हणाले. "साहेबांना सांगू नकोस."