आईची अहिराणी

तीर्थरूप नाना,

दिल्लीहून मेघाचा नमस्कार. मी बरी आहे, इथली थंडीही सोसते. तुमचा गुडघा कसा आहे? केळीला पाणी द्यायला एकटे जाऊ नका.

काल वर्गात सातशे वर्षांपूर्वीचे शोकाचे अभंग शिकवले. एका मुलीने विचारलं, “मॅडम, हे रचून त्यांचं दुःख हलकं झालं का?” पुस्तकात आहे म्हणून मी “हो” म्हणाले. मला ते खरं वाटत नाही.

आई गेल्यापासून माझ्याशी कुणी अहिराणी बोललेलं नाही. “जेवनी का, माय?” हे तिचे शब्द आठवतात, आवाज आठवत नाही. इतके अभंग पाठ आहेत, एकही उपयोगी पडत नाही.

तुम्हीही फोनवर नुसतं ‘हां, हां’ म्हणता. नाना, आपल्या बोलीत काहीतरी बोला. रागावलात तरी चालेल.

तुमचीच,
मेघा