वरच्या सुरांचे हातोडे

लॉज, खोली ११
ता. ४

सौ. घरधनीण हिस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. लॉजचा पलंग माझ्यापेक्षा जास्त कण्हतो, एवढंच. आपला भावड्या ठोक्या मात्र खोलीवर नाही. तीन महिने पत्र का नाही, फोन का उचलत नाही, ते घरमालकिणीलाही ठाऊक नाही. जागा सोडून गेला, कुठल्याशा क्लबात पियानो वाजवतो, एवढंच ती म्हणाली.

इथे क्लब किती, तर तुझ्या स्वयंपाकघरात झुरळं नसतील इतके! रात्री जावं तर तिकीट, वर दारवानाचा तोरा. म्हणून मी दुपारी जातो. टेबलांवर उलट्या खुर्च्या, फिनेलने ओली फरशी. हत्यारांची पिशवी दाखवून पियानो लावणारा म्हटलं की कोणी अडवत नाही. शोरूममध्ये झाडू मारता मारता हा धंदा शिकलो, त्याचा असाही उपयोग. आज तीन झाले. एकात पियानोवर कुंड्या, दुसऱ्यात पियानोच नाही, तिसऱ्यात मॅनेजरने दोन पट्ट्या फुकटात दुरुस्त करून घेतल्या आणि मग असा कोणी माहीत नाही म्हणाला. भावड्या सापडला की कान धरूनच आणतो.

लोभ आहेच, माझ्या खोकल्याची काळजी तेवढी करू नये.
तुझा, पिशवीवाला

घर
ता. ७

ती. स्व. पिशवीवाल्यांना,
सा. न. वि. वि.

माझ्या घरात एकही झुरळ नाही, हे आधी लिहून ठेवते.

कान धरू नका. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सात वर्षांचा होता. माझी पातेली बडवूनच त्याने हे नाव कमावलं. काही चुकलं की कपाटात लपायचा, पण एक पाय बाहेर ठेवून. सापडायचंच असायचं त्याला. तेव्हा आधी पाय बघा.

गेल्या खेपेला आला होता तेव्हा मी मागून दोनदा हाक मारली, त्याने ओ दिली नाही. मला वाटलं, रुसलाय. ते मनातून जात नाही.

लोभ आहे तसा थोडा धाकही असू द्यावा.
आपली, सौ.

लॉज
ता. ११

सौ. हिस,
अ. उ. आ.

सापडला. नसता सापडला तर बरं, असं वाटतंय.

नववा क्लब, तळघरातला. मालक म्हणाला, सारख्या तारा तुटतात, जरा बघा. पियानो उघडला. तारांवर पडणारे खालच्या सुरांचे हातोडे नव्यासारखे, वरच्या सुरांच्या हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा मात्र पार चिरलेला. वाजवणाऱ्याला वरचे सूर ऐकू येत नाहीत म्हणून तो ते बडवतोय, हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं. तेवढ्यात वाजवणारा आला. आपला ठोक्या!

लहानपणी द्यायचो तसा मी नादकाटा त्याच्या हातात दिला, पण अंगठ्याने आधीच गप्प केलेला. वाजतोय का, विचारलं. त्याने कानाशी धरला, मान हलवली, छान वाजतोय म्हणाला. मी काटा परत घेऊन पिशवीत ठेवला.

मालकाने विचारलं, दोष पियानोचा की माणसाचा. मी पियानोचा म्हणालो. तीस वर्षांत वाद्यावर खोटा आळ घेतला नव्हता. त्याची नोकरी राहिली, पण पाठीशी बँडचे स्पीकर आहेत. उरलेसुरले कानही जातील. नंतर आम्ही दोघा भावांनी चहा घेतला. तो हसत होता, मला विचारायचा धीर झाला नाही. मालकाला खरं सांगू का? काय करू ते कळव.

तुझ्या लोभाची आज जास्त गरज आहे.
तुझा

ता. १६

ती. दादा व सौ. वहिनी यांना,
सा. न. वि. वि.

दादा, नादकाटा गप्प होता हे मला माहीत होतं. वाजता काटा देठातून थरथरतो, बोटांना कळतं, तूच शिकवलंस. तीन महिने हे लिहायला बसतो आणि कागद फाडतो. तू समोर उभा राहिलास तेव्हाही तोंडाने सांगवेना, म्हणून छान वाजतोय म्हणालो. कान गेलेत हे तुला कळावं म्हणूनच. आणि तू त्या बिचाऱ्या पियानोवर आळ घेतलास!

काल मालकाला मीच सांगितलं. तो बराच वेळ बोलला. अर्धंच ऐकू आलं, तेवढं पुरलं. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखा. शनिवारी शेवटचं वाजवतो. मंगळवारी घरी येईन. वर्कशॉपमध्ये नमदे कापायला बसव मला.

वहिनी, मागून हाक मारू नकोस. समोर उभी राहून बोल. रागवायचं असेल तरी समोरूनच.

लोभ करायचा तो आता जरा मोठ्याने करा.
तुमचा, एक पाय कपाटाबाहेर,
ठोक्या