चावी कुणाकडे होती

काळेवाडी,
८ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप दादास,
योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

मुलाखतीला काचेपलीकडून तुझं धड ऐकू येत नाही आणि वकीलसाहेब कायम मध्ये उभे, म्हणून लिहितेय. स्वरूपा बरी आहे, मामा मामा करते.

वकील म्हणाले, हा साधा अपघात धरलेला नाही. दारू पिऊन गाडी चालवली, माणूस गेला, म्हणून सदोष मनुष्यवधाचं कलम लावलंय. दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, लायसन तर गेल्यात जमा. 

दादा, मला हे पटत नाही. दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की वर्षातनं एकदा तू घेतोस, ठाऊक आहे मला. पण त्या दिवशी तू स्टिअरिंगला हात लावत नाहीस. उलट धर्माजी शेठच्या एकेका ड्रायव्हरचं तोंड हुंगून चावी देणारा तूच. मग निघोजेच्या वळणावर टेम्पो तुझ्या हातात कसा? शेठ न मागता वकील देतात, घरी किराणा पाठवतात. त्यांचा मुलगा गोरक्ष दसऱ्यापासून कुणाला दिसलेला नाही. माझा संशय त्याच्यावर आहे. आमचे हे म्हणतात, उगीच उकरू नकोस. तुझ्या काळजीनं तेही धड जेवत नाहीत.

लोभ आहेच, खरं बोलून तो वाढव.
तुझी धाकटी,
योगिनी


येरवडा,
१२ ऑक्टोबर

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथं आलं-गेलं पत्र साहेब लोक वाचतात, जपून लिहीत जा. तू लहानपणापासून अशीच. डब्यातला एक लाडू कमी झाला तरी घरातल्या सगळ्यांचे हात तपासायचीस. गोरक्षचा काही संबंध नाही. गाडी मी चालवत होतो, तसं लिहून दिलंय, रक्तात दारूही निघालीय. विषय संपला.

गेला तो सोनू कंपनीतनं सुटून पायी चालला होता. त्याचे वडील गावाकडनं आलेत. कोर्टात माझ्याकडे नुसते बघत उभे होते. 

बाकी तब्येत ठीक. सीटबेल्ट आवळला तो डावा खांदा अजून ठणकतो, त्या कुशीवर झोपता येत नाही. प्रज्वलराव जेवत नाहीत म्हणतेस, त्यांना सांभाळ. त्यांना फार प्रश्न विचारू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा,
ज्योतीराम


काळेवाडी,
१७ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी निघोजेला शेठच्या घरी जाऊन आले. गोरक्षच्या आई, तानाबाई, चिडल्याच. म्हणाल्या, तुझा भाऊ जुना मानूस म्हनून वकील दिला, आमचा गोरक्ष दसऱ्याच्या आदल्या दिशीच सासुरवाडीला गेला व्हता, तिथं त्याला डेंगू झाला, अजून दवाखान्यात हाय, खोटं वाटत आसंल तर चल दावते. गेले मी. त्याला सलाईन चालू होतं. मान खाली घालून निघाले.

परत येताना शेठनी टेम्पो दिला. मी ड्रायव्हरशेजारी बसले, पट्टा लावला, तो डाव्या खांद्यावरनं आला. ड्रायव्हरचा उजव्या खांद्यावरनं.  तुझा डावा खांदा दुखतोय म्हणजे तू शेजारी बसला होतास, दादा.

आता ऐक. आमच्या यांच्या उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत तिरका वळ आहे. कंपनीत अंगावर पेटी पडली म्हणाले. मी रोज आंबेहळद उगाळून लावतेय. पेटी अशी तिरकी पडते का? पूजेला हेही आले होते, लवकर निघालो म्हणाले होते. मी त्यांना अजून एका शब्दानं विचारलेलं नाही. ताटात भाजी वाढते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. हेही बघतात, मग नजर वळवतात. एका घरात असं किती दिवस राहायचं? साहेबांनी वाचलं तर वाचू देत. तू सांग.

खरं कळेपर्यंत मायेचं काही लिहीत नाही.
योगिनी


येरवडा,
२० ऑक्टोबर

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र कुणी नीट वाचलं नसावं, नशीब. हे मी सुटून चाललेल्या एका माणसाच्या हाती देतोय. वाच आणि चुलीत घाल.

तू ओळखलंस. त्या दिवशी मी सगळ्यांची तोंडं हुंगली, फक्त प्रज्वलरावांचं नाही. ते आपले जावई. जावयाला तोंड उघडा कसं म्हणायचं? भीड पडली. मी नुसतं सरबत घेतलंय, तुम्हाला घरी सोडतो म्हणाले, मी चावी दिली. वळणावर सोनू दिसला तोवर उशीर झाला होता.  मीच प्रज्वलरावांना म्हटलं शेतातनं निघून जा, आणि त्यांच्या जागेवर जाऊन बसलो.

चावी मी दिली, तेव्हा शिक्षाही माझीच. मला ना बायको ना पोर. तुझ्या पदरात स्वरूपा आहे. भाऊबीज तोंडावर आलीय, मला येता यायचं नाही. हीच माझी ओवाळणी समज आणि गप्प राहा.

एवढं ऐकशील तर आयुष्यभर तुझाच,
दादा


चाकण,
२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ती. दादास,
नमस्कार.

ही ओवाळणी मी घेणार नाही.

काल यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. आधी नाही नाही म्हणाले, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तू आत आणि हे माझ्याकडून हळद लावून घेत होते, याचा मला इतका राग आलाय की भांडी आपटूनही जाईना. तुझाही आलाय. माझ्या संसाराचा निकाल तुम्ही दोघांनी रस्त्यावर उभ्याउभ्या लावलात. मला विचारलंत? आणि सोनूच्या बापानं कोर्टात भलत्याच माणसाकडे बघत उभं राहायचं?

सकाळी दुसरा वकील गाठला आणि यांना घेऊन पोलीस ठाण्यात आले. जबाब चालू आहे, मी बाहेर बाकावर बसून लिहितेय. वकील म्हणतात, तुझं मोठं कलम सुटेल, पण खोटं सांगितल्याचा, गुन्हेगाराला पळवल्याचा गुन्हा तुझ्यावर लागेल. यांना जामीन एवढ्यात मिळायचा नाही. आत नेताना यांनी मला विचारलं, तुझं कसं होणार.  पोलिसांनी यांचं घड्याळ, पट्टा आणि अंगठी माझ्याकडे दिलीय. ती पिशवी मांडीवर आहे.

तू आज समोर असतास तरी मी ओवाळलं नसतं. पण सुटलास की आधी माझ्याकडे ये. भांडायला मला आता तूच उरलास.

तुझीच,
योगिनी