दुसऱ्या खेळाडूची जॉयस्टिक

अहो,

मी ताईकडे जातेय. आठ-दहा दिवस तरी राहीन. काल जेवताना सांगितलं होतं, तुम्ही "हं" म्हणालात, पण लक्ष ताटाशेजारच्या स्क्रू ड्रायव्हरकडे होतं. म्हणून लिहून ठेवतेय. चिठ्ठी मुद्दाम तुमच्या गेमच्या मशीनच्या काचेवर चिकटवलीय. फ्रीजवर लावली असती तर ती मी परत आल्यावर मलाच वाचावी लागली असती.

दोन दिवसांचं जेवण करून ठेवलंय. गरम करून खा, उभ्याउभ्या नको.

सकाळी तुम्ही कामावर गेल्यावर मशीन चालू केलं. गेम पार्लरच्या भंगारातून उचललेला खोका, पण सात महिन्यांत तुम्ही त्याचं सोनं केलंत, खोटं कशाला बोलू? रंग, दिवे, ते जुने आवाज, सगळं झकास. मी दोघांचा खेळ लावला. थोडा वेळ तुमच्या बाजूने खेळले, मग उजवीकडे माझ्या बाजूला गेले. तर पडद्यावरचा माझा माणूस ढिम्म हलेना. बटणं दाबून बोटं दुखली. शेवटी मागची फळी उघडली. तुमच्या जॉयस्टिकला सगळ्या वायरी, एकेक नीट बांधलेली. दुसरीला एकही नाही. नुसती शोभेला बसवलीय.

मी कशालाही हात लावलेला नाही. फळी परत लावलीय, चारही स्क्रू घट्ट.

मी येईपर्यंत जमलं तर वायरी जोडा. जमणार नसेल तर ती जॉयस्टिक काढून भोक बुजवून टाका. उगाच बघणाऱ्याला वाटतं, या घरात दोघं राहतात.